बिअर्डेड ड्रॅगनचे पिल्लू नाशिकमध्ये वाढवताना : आधी ऊन, मग अन्न

खंडू, आमचा बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा, घरी आला तेव्हा जेमतेम माझ्या तळहाताएवढा होता, आणि त्याच्यासाठी आम्ही मांडलेला संसार असा होता : दोन फुटांचा काचेचा टँक, तळाला बारीक वाळू, वर एक लाल दिवा, आणि मीलवर्म अळ्यांचा एक डबा. हे सगळे ज्यांच्याकडून घेतले त्यांनी एवढे पुरेसे आहे असे सांगितले होते आणि आम्हीही अधिक विचारले नव्हते. कॅल्शियमची पूड मात्र मी नेमाने टाकत असे. तरीही चौथ्या महिन्यात त्याच्या पुढच्या पायांची बोटे थरथरू लागली आणि खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला की रबरासारखा दबू लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो अन्नाबद्दल नव्हता; "यूव्हीबीची नळी कोणती लावली आहे?" असे त्यांनी विचारले. यूव्हीबी म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार; ते किरण देणारी नळी आमच्याकडे नव्हतीच. पोटात जाणारे कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचवणारे ड जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयारच होत नव्हते. खंडू वाचला, पण त्याचा जबडा आजही किंचित वाकडा आहे.

म्हणूनच या लेखात अन्नाआधी घर येते, आणि घरातही पेटीच्या आकारापेक्षा ऊब आणि उजेड यांवर अधिक शब्द खर्च केले आहेत.

आणण्यापूर्वी

पाळीव म्हणून मिळणारा बिअर्डेड ड्रॅगन हा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, रखरखीत भागातला सरडा आहे. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा पिल्लू शेपटीसह सुमारे १० सेंटिमीटरचे असते आणि वर्ष-दीड वर्षात ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत वाढते. आपल्याकडे मिळणारी पिल्ले बंदिस्त पैदाशीतली असतात. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती पाळणे हा गुन्हा आहे. विदेशी प्राण्यांसाठी त्याच कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या (साइट्स) परिशिष्टांतील जातींची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. या परिशिष्टांत बदल होत असतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशीची यादी स्वतः पाहावी, विक्रेत्याकडून पावती घ्यावी आणि शंका असल्यास वन विभागाकडे विचारणा करावी.

दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नये. पंधरा सेंटिमीटर लांबीचे, डोळे उघडे आणि टवटवीत असलेले, शेपटीचा बुंधा भरलेला, सर्व बोटे आणि शेपटीचे टोक शाबूत असलेले पिल्लू निवडावे. एकाच टँकमध्ये दाटीने ठेवलेली पिल्ले एकमेकांची बोटे आणि शेपट्या कुरतडतात, आणि पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते तशी यांची येत नाही. याच कारणाने घरीही एका पेटीत एकच पिल्लू ठेवावे. दोन पिल्ले एकावर एक बसलेली दिसली की लोकांना ती माया वाटते; प्रत्यक्षात वर बसलेले पिल्लू खालच्याच्या वाट्याचे ऊन अडवत असते.

आणखी एक गोष्ट : सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोजकेच असतात. तेव्हा पिल्लू आणण्याआधी असे डॉक्टर शोधून त्यांचा नंबर लिहून ठेवावा. अडचण आल्यावर शोधत बसण्यात दोन दिवस जातात.

पेटी

पूर्ण वाढलेल्या प्राण्याला किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पेटी लागते. पिल्लासाठी आधी ३ फुटांची आणि नंतर मोठी असा दुहेरी खर्च करण्यापेक्षा सुरुवातीलाच मोठी पेटी करून घ्यावी आणि पहिले दोन-तीन महिने मध्ये फळीचा आडोसा लावून जागा कमी करावी, म्हणजे पिल्लाला किडे शोधत फिरावे लागत नाही. सुतार किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा कारागीर अशी पेटी सहज करून देतो. त्याला तीन गोष्टी मात्र स्पष्ट सांगाव्यात. दारे समोरून सरकणारी काचेची हवीत, कारण वरून झेपावणारा हात या सरड्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर जाळी हवी, म्हणजे हवा खेळती राहते. प्लायवूड असेल तर आतून पाण्याला दाद न देणारा, वास पूर्ण उडालेला लेप हवा. रंगकाम झाल्यावर मी पेटी दहा दिवस गच्चीवर उघडी ठेवली होती.

तळाला वाळू घालू नये. किडा पकडताना पिल्लू तोंडभर वाळू गिळते आणि ती आतड्यात अडकू शकते. "कॅल्शियमची वाळू" म्हणून विकला जाणारा प्रकारही याला अपवाद नाही. सुरुवातीचे महिने वर्तमानपत्र किंवा टिश्यू पेपर उत्तम, कारण विष्ठा लगेच दिसते. नंतर मी शहाबादी फरशीचे तुकडे मापाने कापून घातले. त्यांचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने नखे आपोआप झिजतात, आणि दिव्याखालचा तुकडा ऊब धरून ठेवतो.

ऊन खाण्याच्या जागेसाठी आपल्या भागातल्या काळ्या पाषाणासारखी दुसरी वस्तू नाही. पाथरवटाकडून वीतभर सपाट तुकडा आणावा, घासून धुऊन कडक उन्हात वाळवावा, आणि थेट पेटीच्या तळावर टेकवावा. कागदाच्या किंवा फरशीच्या डळमळीत थरावर ठेवला तर पिल्लू खाली शिरून चिरडण्याचा धोका असतो. विजेवर तापणारे "हीट रॉक" घेऊ नयेत. हा सरडा ऊब वरून येते असे धरून वागतो आणि पोट भाजत असले तरी वेळेत उठत नाही. चढण्यासाठी आंब्याची किंवा बाभळीची वाळलेली, काटे काढलेली जाड फांदी द्यावी, आणि थंड बाजूला अंग लपेल अशी एक जागा. माठाचा अर्धा फुटका तुकडा, कडा घासून, उपडा ठेवला तरी चालतो.

ऊब

पेटीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड, हे या घराचे मूळ सूत्र आहे. सरडा स्वतःच्या शरीराचे तापमान या दोन टोकांच्या मधे ये-जा करून ठरवतो, आणि खाल्लेले पचवण्यासाठी त्याला उबेची गरज असते. पिल्लासाठी दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश सेल्सिअस, थंड बाजूची हवा २५ ते २८ अंश, आणि रात्री २० ते २४ अंश असावी.

एलईडीने ऊब मिळत नाही. साधा पिवळा फिलामेंटचा बल्ब किंवा हॅलोजन फ्लड घ्यावा; खोलीच्या आणि पेटीच्या उंचीप्रमाणे ६० ते १०० वॉटमधला कोणता लागतो ते मोजूनच ठरते. होल्डर चिनी मातीचा घ्यावा, कारण प्लास्टिकचा होल्डर सततच्या उष्णतेने ठिसूळ होऊन एक दिवस बल्बसह खाली येतो. पिल्लू उडी मारून बल्बला चिकटणार नाही इतके अंतर किंवा जाळीचे कवच हवे. रात्रीसाठी लाल वा निळे दिवे लावू नयेत; सरड्यांना ते रंग दिसतात आणि झोप मोडते. रात्री ऊब हवीच असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून वापरावा.

मोजण्यासाठी दोन साधने लागतात : थंड आणि गरम बाजूची हवा सांगणारे वायरच्या टोकाचे डिजिटल थर्मामीटर, आणि दगडाचा पृष्ठभाग मोजणारी इन्फ्रारेड गन. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची गन यासाठी चालत नाही, कारण ती माणसाच्या तापापुरतेच आकडे दाखवते; हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी औद्योगिक गन घ्यावी. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर शोभेपुरते असतात. माझ्याकडचे एक ३२ अंश दाखवत होते तेव्हा दगड ५१ अंशांवर होता.

यूव्हीबी

बल्बची ऊब आणि यूव्हीबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. या किरणांमुळे सरड्याच्या त्वचेत ड३ जीवनसत्त्वाची घडण सुरू होते. ते नसेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही आणि शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. वाढत्या वयात हाडे झपाट्याने बांधली जात असल्याने हा तोटा पिल्लाला आठवड्यांत भोवतो.

टी५ एचओ (बारीक, जास्त प्रखर) प्रकारची, १० ते १२ टक्के यूव्हीबीची लांब नळी घ्यावी. ती पेटीच्या लांबीच्या निम्मी ते दोन-तृतीयांश असावी आणि गरम बाजूला, बल्बच्या शेजारी लावावी, म्हणजे ऊन खाताना दोन्ही एकाच वेळी अंगावर पडतात. नळी पेटीच्या आत असेल तर दगडावर बसलेल्या सरड्याच्या पाठीपासून साधारण ३८ ते ४५ सेंटिमीटर अंतर योग्य ठरते. बारीक जाळीवर नळी ठेवली तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक किरण जाळीतच अडतात. तेव्हा उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे अंतर कमी करावे. काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, त्यामुळे खिडकीजवळ टँक ठेवून उपयोग शून्य आणि टँक तापण्याचा धोका मात्र पुरेपूर. गोल पिळाचे छोटे यूव्हीबी बल्ब एवढ्या पेटीला पुरत नाहीत. नळी वर्षाने बदलावी, जरी ती डोळ्यांना लख्ख पेटलेली दिसत असली तरी. बसवल्याची तारीख मी तिच्या टोकावर मार्करने लिहून ठेवतो. दिवे टायमरवर १२ ते १४ तास चालू राहावेत.

आणि खरे ऊन? नाशिकला त्याची ददात नाही. हिवाळ्यात नऊ-दहाच्या सुमारास आणि उन्हाळ्यात आठच्या आत, जाळीच्या पिंजऱ्यात, निम्मी सावली ठेवून वीस-तीस मिनिटे बाहेर बसवावे. काचेच्या टँकसह कधीही नाही. पिंजऱ्यापासून उठून चहा आणायलाही जाऊ नये. घार, शिक्रा, कावळा आणि शेजारचे मांजर या चौघांचे लक्ष आपल्यापेक्षा अधिक असते.

नाशिकचे वर्ष

परदेशी मार्गदर्शिकांमध्ये खोली बाराही महिने २२ अंशांवर असते असे गृहीत धरलेले असते. आपली खोली तशी नसते, म्हणून पेटीची मांडणी वर्षातून तीनदा बदलावी लागते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत येतो, आणि त्याच रात्री शहरातल्या उत्तरेकडच्या खोल्याही गारठलेल्या असतात. सिरॅमिक हीटरचा थर्मोस्टॅट २० अंशांवर लावावा, पेटी बाहेरच्या भिंतीपासून आणि फरशीपासून उचलून ठेवावी, आणि रात्री जाळीचा काही भाग मोकळा सोडून तीन बाजूंनी गोधडी घालावी. हीटर आणि कापड यांच्यात हातभर अंतर हवे. मोठे ड्रॅगन हिवाळ्यात सुस्तावून आठवडेच्या आठवडे झोपतात, पण वर्षाच्या आतल्या पिल्लाला तशी झोप परवडणारी नसते. ते दिवसा झोपून राहू लागले तर आधी तापमान मोजावे, आणि आकडे बरोबर असतील तर डॉक्टर गाठावा.

वीज जाणे हा हिवाळ्यातला दुसरा प्रश्न. सिरॅमिक हीटर घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर ओढणे अवघड असते. कोमट पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीत एका टोकाला ठेवावी आणि वर गोधडी. ऊब नसताना खायला घालू नये. न पचलेला किडा पोटात कुजतो.

एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांकडे सरकतो आणि प्रश्न उलटा होतो. थंड बाजू ३३-३४ अंशांच्या वर जाऊ लागली की सरड्याला पळायला जागाच उरत नाही. तेव्हा बल्बची वेळ सकाळी सहा ते अकरा अशी करावी, दुपारी फक्त यूव्हीबी ठेवावी, आणि वरच्या मजल्यावर गच्चीखालची खोली असेल तर पेटी दुसऱ्या खोलीत हलवावी.

माझ्या मते आपल्याकडचा सर्वात कठीण काळ मात्र पावसाळा आहे. या प्राण्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरातली हवाच ८० टक्क्यांच्या पुढे असते. ती पूर्ण उतरवणे शक्य नसते. पाण्याची वाटी पेटीतून काढावी, कागद रोज बदलावा, बल्ब पूर्ण वेळ चालू ठेवावा म्हणजे गरम बाजू कोरडी राहते, आणि जाळीजवळ संगणकाचा छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावावा. पिल्लू दगडावर बसून तोंड उघडे ठेवते ते अंगातली जास्तीची उष्णता टाकण्यासाठी. त्यात काही बिघाड नाही. थंड बाजूला बसूनही तोंड उघडे असेल, नाकाशी बुडबुडे दिसत असतील किंवा श्वासाला टिकटिक आवाज येत असेल, तर तो छातीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला घरगुती उपाय नाही.

पेटी तयार झाल्यावर ती आठवडाभर रिकामी चालवून दिवसातून तीनदा आकडे लिहावेत. पिल्लू त्यानंतर आणावे.

पहिला आठवडा

नव्या घरात पिल्लू पोटाकडून काळसर पडते, कमी खाते, कोपऱ्यात बसते. चार-पाच दिवस त्याला हातात घेऊ नये आणि पाहुण्यांना दाखवू नये. अधूनमधून ते एक पुढचा पाय उचलून सावकाश गोल फिरवते, जणू वर्गात हजेरी देत आहे. "मी लहान आहे, माझ्याशी भांडू नका" असा त्या हालचालीचा अर्थ लावला जातो. डासांची कॉइल, उदबत्ती, झुरळांचा फवारा आणि फोडणीचा धूर त्या खोलीत नको. सोसायटीत डेंग्यूसाठी धूरफवारणी होते तेव्हा खिडक्या घट्ट लावाव्यात.

किडे

पहिले चार महिने पिल्लाच्या आहारात सुमारे ८० टक्के किडे आणि २० टक्के पाला असतो. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून तीनदा, तीन ते सहा महिन्यांपर्यंत दोनदा-तीनदा, आणि त्यानंतर वर्षापर्यंत एकदा-दोनदा किडे द्यावेत. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटांत ते जितके खाईल तितकेच. भुकेले पिल्लू दिवसाला २० ते ४० बारीक रातकिडे सहज संपवते. दिवे लागल्यावर तासाभराने पहिले जेवण आणि दिवे मालवण्याच्या दोन तास आधी शेवटचे. किड्याचा आकार पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. हा नियम मोडला की घास अडकण्याचा, आतडे तुंबण्याचा, कधी मागचे पाय लुळे पडण्याचा धोका संभवतो.

रातकिडे चपळ असल्याने पिल्लाची शिकारीची हौस भागवतात, पण ते ओरडतात, वास मारतात आणि पावसाळ्यात बुरशीने भराभर मरतात. शिवाय उरलेले रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्याला चावतात, म्हणून दिवे मालवण्यापूर्वी वेचून काढावे लागतात. माझा कल डुबिया झुरळांकडे आहे. ती गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, ओरडत नाहीत आणि झाकणाला जाळी लावलेल्या डब्यात, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, उबेत स्वतःच वाढतात. घरात झुरळे विकत आणली आहेत हे आईला सांगणे ही या छंदातली सर्वात अवघड पायरी ठरली. घरातली वा गटारातली झुरळे मात्र चुकूनही देऊ नयेत. त्यांनी कुठले विषारी जेल खाल्ले आहे ते कळत नाही.

काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या कॅल्शियमने मुळातच समृद्ध असतात आणि पिल्लाला उत्तम. या अळ्या कंपोस्टच्या डब्यात आपोआपही होतात, पण कुजक्या कचऱ्यातल्या न देता पैदास केलेल्याच घ्याव्यात. रेशीम अळ्या मऊ आणि पौष्टिक असतात. तुतीवर रेशीम घेणारा शेतकरी ओळखीचा असेल तर बागेत फवारणी आणि संगोपनगृहात निर्जंतुकीकरणाची भुकटी वापरली आहे का, हे आधी विचारावे. मीलवर्म आणि सुपरवर्म दुकानात सर्वात सहज मिळतात आणि म्हणूनच गळ्यात मारले जातात. त्यांचे कवच पिल्लासाठी कठीण आणि कॅल्शियम अगदी कमी. सहा महिन्यांपर्यंत ते टाळावेत.

शेतातून किडे धरून आणण्याचा मोह नाशिकमध्ये विशेष घातक आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत डावणी, भुरी आणि फुलकिड्यांसाठी फवारण्यांचा सपाटा चालू असतो, आणि कांद्याच्या शेतातही फुलकिड्यांवर औषध मारलेले असते. दिंडोरी-पिंपळगावच्या बांधावरचा नाकतोडा कितीही हिरवागार दिसला तरी तो विष पोटात घेऊन बसलेला असू शकतो. दुसरा मोह पावसाच्या तोंडाशी इगतपुरी-भंडारदऱ्याकडे दिसणाऱ्या काजव्यांचा. अमेरिकेतील काजव्यांमुळे बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या पशुवैद्यकीय नोंदी आहेत, तिथे एकदेखील काजवा पुरेसा ठरतो; तेव्हा कोणताही काजवा पेटीजवळ नेऊ नये.

किडा ही एक पिशवी आहे आणि तिच्यात काय भरले आहे तेच सरड्याच्या पोटात जाते. म्हणून खाऊ घालण्याच्या २४ ते ४८ तास आधी किड्यांना गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि गव्हाचा कोंडा द्यावा. दुकानातून आणलेले उपाशी रातकिडे तसेच वाढणे म्हणजे टरफले खाऊ घालणे.

पूड

रातकिड्यात आणि झुरळात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि सरड्याला हवे असते याच्या उलट : दोन भाग कॅल्शियम, एक भाग फॉस्फरस. ही तूट पुडीने भरायची. चांगली यूव्हीबी नळी असेल तर आठवड्यातून पाच दिवस एका जेवणाला साधी, फॉस्फरस आणि ड३ नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड, एक दिवस ड३ असलेली, आणि एक दिवस सरपटणाऱ्या प्राण्यांची मल्टिव्हिटॅमिन. ड३ आणि अ जीवनसत्त्व शरीरात साठतात, त्यामुळे "जास्त दिले तर बरेच" हा हिशेब इथे चालत नाही.

पद्धत सोपी आहे. स्टीलच्या छोट्या डब्यात दहा-बारा किडे, वर पुडीची चिमूट, झाकण लावून दोनदा हलवायचे. किड्यावर पांढरी हलकी झाक यावी. रव्यात घोळलेल्या बोंबलासारखा जाड थर बसला तर पिल्लू तोंडात घेऊन थुंकते. रातकिडे स्वतःचे अंग साफ करून पूड झटकून टाकतात, म्हणून घोळल्यावर लगेच, तीन-चार असे सोडावेत. पावसाळ्यात पूड गोळे धरते. हवाबंद डब्यात तांदळाचे दाणे कापडात बांधून ठेवावेत.

कुणीतरी हमखास सुचवते म्हणून लिहितो : पानात खायचा चुना हा कॅल्शियमचा पर्याय नाही. तो दाहक असतो आणि तोंड-घसा भाजतो. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्याही कुटून घालू नयेत. त्यात ड३ चे प्रमाण माणसाच्या वजनाला धरून असते.

पाला

पिल्ले पाल्याकडे पाहतही नाहीत अशी सर्वांची तक्रार असते. तरीही रोज सकाळी, किड्यांच्या आधी, ताजा पाला ठेवावाच. सवय पहिल्या वर्षात लागते आणि मोठेपणी हेच मुख्य अन्न होणार असते. सर्वात चांगले पाले नाशिकमध्ये फुकट मिळतात : शेवगा, जास्वंदीची कोवळी पाने आणि फुले, तुती. शेवग्याची पाने देठापासून ओरबाडून घ्यावीत, सुरीने बारीक चिरावीत आणि वर लाल भोपळा किसून टाकावा. पिवळ्या-केशरी रंगाकडे पिल्लू लवकर वळते, आणि भोपळ्याचा कीस उचलताना शेवगाही तोंडात जातो. खंडूने पहिला हिरवा घास असाच, चुकून, खाल्ला. पाने धुतल्यावर झटकू नयेत. पिल्लू साठलेल्या पाण्यापेक्षा पानावरचे थेंब अधिक आवडीने पिते.

मेथी, कोथिंबीर, सिमला मिरची, किसलेले गाजर अधूनमधून चालते. बाजारची भाजी असेल तर अर्धा तास पाण्यात बुडवून तीनदा धुवावी. पालक, चुका, बीटाचा पाला, अळू आणि घोळ यांत ऑक्झॅलेट भरपूर असल्याने ते कॅल्शियम अडवून ठेवतात, हे टाळावेत. कोबी-फ्लॉवर क्वचितच. कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो आणि कण्हेर कधीही नाही. द्राक्षांबद्दल नाशिककर विचारणारच : मोठ्या ड्रॅगनला महिन्यातून एखादे, सोलून आणि चिरून, चालते; पिल्लाला गरज नाही.

वही

स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा, एक प्लास्टिकची वाटी आणि एक वही एवढ्यावर निम्मे आजार वेळेत पकडता येतात. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, वजन लिहावे. पिल्लाचे वजन दर आठवड्याला वाढले पाहिजे. दोन आठवडे ते थांबले किंवा घटले तर काहीतरी चुकते आहे, मग ते तापमान असो, नळी असो वा पोटातले जंत. विष्ठा केव्हा आणि कशी झाली तेही लिहावे. सतत पातळ, दुर्गंधी विष्ठा असेल तर ताजा नमुना स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी तपासणीला द्यावा, कारण या सरड्यांमध्ये पिनवर्म आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी सर्रास आढळतात. नवीन पिल्लाची अशी तपासणी पहिल्या महिन्यात करून घेणेच योग्य.

बोटांची थरथर, सुजलेले किंवा वाकलेले पाय, मऊ जबडा, पोट उचलून चालता न येणे ही हाडांच्या विकाराची लक्षणे आहेत. यांपैकी एकही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कात टाकताना मात्र घाबरू नये आणि ओढूही नये. बोटांवर किंवा शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचे कडे राहिले तर कोमट पाण्यात, खांद्याच्या खाली राहील इतक्या उंचीच्या, दहा मिनिटे बसवावे.

हे सरडे निरोगी दिसत असले तरी साल्मोनेलाचे वाहक असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती प्राणी देऊ नये.

आठव्या महिन्यापासून वहीतल्या नोंदी पाहत किडे कमी आणि पाला जास्त करत जावे, आणि वर्ष-दीड वर्षात प्रमाण उलटे, म्हणजे ८० टक्के पाला, करावे. इथे हात सैल राहिला तर चरबी यकृतावर चढते. खंडूला आता मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी किडे मिळतात. उरलेल्या दिवशी तो शेवग्याच्या वाटीसमोर बसून आधी माझ्याकडे, मग झुरळांच्या डब्याकडे पाहतो, आणि अर्ध्या तासाने खायला लागतो.